पलीकडच्या बाकावरचे सर

मी संशयी आहे, हे मला कुणी वेगळं सांगायची गरज नाही. त्याचा मला पगार मिळतो. सॉफ्टवेअर तपासणं हे माझं काम. प्रोग्रॅमर छाती ठोकून "चालतंय" म्हणाला की माझा पहिला प्रश्न असतो, कुणाच्या मशीनवर? पुण्यात होते तेव्हाही अशीच होते, सिंगापूरला येऊन इतकी वर्षं झाली तरी तशीच आहे. माझा नवरा सुबोध म्हणतो, "वीणा, तुला कुणी फूल दिलं तरी आधी उलटं करून बघशील." बघेनच. फुलात मुंग्या असतात.

त्यामुळे पद्माकर सरांनी मला बचावाच्या फळीत अगदी शेवटच्या जागी उभं केलं, तेव्हा त्यांनी माणूस बरोबर हेरला होता.

आमचा खेळ फ्लॅग फुटबॉल. अमेरिकन फुटबॉलचाच प्रकार, पण हेल्मेट नाही आणि धडका नाहीत. कमरेला दोन्ही बाजूंना कापडी पट्ट्या लटकतात. बॉल घेऊन पळणाऱ्याची पट्टी ओढली की तो तिथेच थांबला. एका बाजूला पाच जण. बॉल ज्यांच्याकडे असेल त्यांना ठरावीक प्रयत्नांत समोरची रेषा ओलांडायची असते, आणि आम्ही बचाववाले ती ओलांडू देत नाही. प्रत्येक प्रयत्नाआधी ते एका रचनेत उभे राहतात. साधी रचना असली तर बचाव करणं सोपं. पण काही टीम मुद्दाम विचित्र उभ्या राहतात, कुणी पाठ फिरवतं, कुणी भांडायला लागतं, कुणी लंगडत बाहेर निघतं. ते बघून बचाववाले गोंधळले की बॉल भलतीकडे. अशा वेळी माझ्यासारखी खवट बाई शेवटच्या जागी हवी असते.

सर तरुणपणी टेक्सासमध्ये नोकरीला होते. शेजाऱ्यांच्या मुलांच्या शाळेच्या मॅच बघता बघता त्यांना हा नाद लागला तो कायमचा. मग सिंगापूरला बदली झाली, इथेच ते निवृत्त झाले, आणि स्वस्थ बसवेना म्हणून त्यांनी यिशुनच्या मैदानावर आमची टीम जमवली. मी, विद्यापीठात पोस्टडॉक करणारा राजस, माझ्याच ब्लॉकमध्ये राहणारी हुइलिंग आणि आणखी चार-पाच जण. मैदानाशेजारच्या कालव्यातून एक घोरपड नेमकी सरावाच्या वेळी बाहेर यायची आणि आमच्याकडे तुच्छतेने बघत निघून जायची. टीमचं नाव 'घोरपड' ठेवलं.

सरांचा पहिला धडा गर्दीचा होता. समोरचे तिघे मैदानाच्या एका टोकाला दाटीवाटीने उभे राहतात, मध्ये बॉल मागे देणारा एकटाच वाकलेला, त्याच्या मागे बॉल फेकणारा. लांबून बघितलं तर उघडलेल्या फाटकासारखं दिसतं, म्हणून आम्ही त्या डावाला फाटक म्हणायचो. सगळा बचाव गर्दीकडे धावतो, आणि बॉल मिळतो मधल्या एकट्याला. "लग्नात सगळे स्टेजकडे बघतात," सर म्हणायचे, "चप्पल चोरणारा मांडवाच्या दारात असतो. तू दारात बघ."

दुसरा धडा बाहेर जाणाऱ्याचा. एखादी खेळाडू दमल्याचं दाखवत बाजूच्या रेषेकडे चालू लागते. आपण समजतो, गेली. पण रेषा ओलांडेपर्यंत ती खेळातच असते. "निघतो निघतो म्हणणारा पाहुणा आपल्या दारात किती वेळ उभा असतो? तो लिफ्टमध्ये शिरेपर्यंत गेला असं समजायचं नाही."

आणि तिसरा धडा, समोरच्या कोचकडे कधीही बघायचं नाही. या धड्याचं कारण स्वतः सरच होते. ऐन वेळी ते बाकावरून धडपडत उठायचे, कपाळाला हात लावायचे आणि ओरडायचे, "अरे थांबा, थांबा! चुकलं, चुकलं!" आमचा बॉल फेकणारा राजस हात पसरून "काय झालं, सर?" करत त्यांच्याकडे चालायला लागायचा. त्या विसरभोळ्या म्हाताऱ्याला समोरचे हसत असायचे, तेवढ्यात बॉल थेट हुइलिंगच्या हातात जायचा आणि ती रेषेपलीकडे. विसरण्याचं सोंग सरांइतकं हुबेहूब कुणीच वठवलं नसेल. घरी जाताना बसमध्ये ते स्वतःच त्याची नक्कल करून दाखवायचे आणि आम्ही पोट धरून हसायचो.

हा माणूस जानेवारीत आम्हाला सोडून गेला.

फोन नाही, भेट नाही. ग्रुपवर एक मेसेज आला, या सीझनपासून मी बुकित तिमाहच्या टीमला शिकवणार आहे, तुम्हा सर्वांना शुभेच्छा. पुढे हात जोडलेलं चित्र. मी तडक फोन लावला. सरांच्या बायकोने, मीनलकाकूंनी उचलला, "अगं, ते जरा पडलेत." संध्याकाळी लावला, तर आंघोळीला गेलेले. दुसऱ्या दिवशी देवळात. कधी नव्हे ते सर देवळात! कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि ते कुठे मुरतंय हे मला न सांगता समजायला हवं होतं, कारण तसंच तर त्यांनी मला शिकवलं होतं. राजस म्हणाला, "वीणाताई, साधी गोष्ट आहे. तिकडे शाळेपासून खेळलेले अमेरिकन आहेत. चांगली टीम मिळाली, गेले." हुइलिंग इथल्या बोलीतलं लाह शेवटी जोडत म्हणाली, "अंकल अपग्रेडेड, लाह."

मला राग आला होता. खरं तर रागापेक्षा मला वाईट वाटलं होतं, पण वाईट वाटलं की मी रागावते, ही माझी जुनी खोड आहे. सहा वर्षं आम्हाला घडवून सरांनी आम्हाला टाकलं का, एवढंच मला त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं. टाकलं असेल तर तसं म्हणा, मी दोन दिवस चडफडेन आणि सोडून देईन. सीझनभर मी तेवढ्यासाठी वाट बघितली, आणि फायनलला समोर नेमकी बुकित तिमाहचीच टीम आली.

मॅच त्यांच्याच भागात होती, एका शाळेचं मैदान भाड्याने घेतलेलं. चारीकडे कॉन्डोच्या उंच इमारती, आणि कृत्रिम गवतातून पायांना लागणारी वाफ. आम्ही पट्ट्या बांधत होतो तेवढ्यात सर आले. सरळ आमच्याकडे. अंगात समोरच्या टीमचा लाल टी-शर्ट, डोक्यावर जुनी टोपी.

"राजस, उशीर केलास," ते म्हणाले. "बॉलमध्ये हवा बघितलीस का? गेल्या खेपेसारखं करू नकोस."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. राजस कसंनुसं हसला. इतक्यात मीनलकाकू लगबगीने आल्या, "अहो, इकडे, इकडे," म्हणत त्यांनी सरांचा दंड धरला आणि त्यांना पलीकडच्या बाकावर नेऊन बसवलं. माझ्याकडे त्यांनी नीट बघितलंसुद्धा नाही.

"चिथावतायत आपल्याला," राजस म्हणाला.

मी काकूंकडे बघत होते. या बाईंनी सहा वर्षांत एकदाही मैदानावर पाऊल ठेवलं नव्हतं. उन्हात धावणाऱ्यांना काय बघायचं, म्हणायच्या. आज पाण्याची बाटली आणि पंचा घेऊन सरांच्या शेजारी ठाण मांडून बसल्या होत्या. मी तेही मनात टिपून ठेवलं.

पहिला अर्धा वेळ आम्ही पुढे होतो, त्यांना हलू दिलं नाही. मग पाणी प्यायला खेळ थांबला, आणि सर उठून मैदान ओलांडून थेट माझ्याकडे आले. खांद्यावर हात ठेवला, पूर्वीसारखाच, आणि आवाज खाली आणून म्हणाले, "वीणा, आता फाटक लावणार आहेत. पण या वेळी बॉल मधल्याकडे जाणार नाही. खरोखरच गर्दीत जाणार आहे. मधल्याला सोड, गर्दीत जाऊन उभी राहा."

एवढं बोलून ते गेले. जाताना आमच्या बाटलीतलं पाणीही प्यायले.

हुइलिंगला मी भाषांतर करून सांगितलं. तिने डोळे फिरवले. "सो ऑब्व्हियस. ही वॉन्ट्स अस इन द क्राउड, देन मिडल वन फ्री. डोन्ट बिलीव्ह हिम, लाह." राजसचंही तेच म्हणणं, आणि माझंही. समोरचा कोच येऊन आपला डाव सांगतो, तो कशासाठी? आम्ही मधल्या खेळाडूवर दोघांना लावलं. फाटक लागलं, बॉल उडाला, आणि पडला थेट गर्दीत. तिथे आमचं कुणी नव्हतं. ते नाचत रेषेपलीकडे गेले.

पलीकडे सर उभे होते. आनंदाचा मागमूस नाही. माझ्याकडे बघून त्यांनी दोन्ही हात उडवले. "अगं, सांगितलं होतं ना तुला!"

त्यांची अख्खी टीम हसली. बॉल फेकणाऱ्या उंच डॅनियलने त्यांच्या हातावर टाळी दिली. माझ्या डोक्यात तिडीक गेली. आता कळलं! हे खरं सांगून फसवणं होतं. वीणा संशयी आहे, तिला खरं सांगितलं की ती उलटंच करणार, हे त्यांना पक्कं ठाऊक. माझा स्वभावच त्यांनी डावात घातला होता.

दुसऱ्या अर्ध्या वेळात ते पुन्हा आले. या वेळी बाजूच्या रेषेने चालत, हात मागे बांधून, यिशुनला सरावाच्या वेळी येत तसे. "त्या निळ्या बुटांच्या मुलीवर लक्ष ठेव. दमल्याचं दाखवून बाहेर निघेल. तिला सोडू नकोस."

मी विचार केला. मघाशी खरं सांगितलं होतं, म्हणजे आता वीणा विश्वास ठेवेल असं त्यांना वाटणार. म्हणजे आता खोटं सांगतायत. माझं डोकं असंच चालतं, आणि ते कुणी चालवायला शिकवलं हे मी वर सांगितलंच आहे. निळ्या बुटांची मुलगी कमरेवर हात ठेवून धापा टाकत बाहेर चालू लागली, तेव्हा मी तिच्याकडे पाठ केली. ती रेषेशी थांबली, वळली, बॉल झेलला आणि आरामात चालत गेली. पळायचीसुद्धा गरज पडली नाही तिला.

"वीणा!" सर माझ्याच बाजूला उभे होते, चेहरा लालबुंद. "तुला ऐकू येत नाही का? अशाने आपण हरू!"

आपण! त्या एका शब्दाने माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. लाल टी-शर्ट घालून, आम्हाला दोनदा टोपी घालून, वर आपण?

"लाज नाही वाटत, सर?" मी ओरडले. सगळ्या मैदानासमोर. "आम्हाला टाकून गेलात ते गेलात, आता इथे येऊन आमची थट्टा करताय? जा की तुमच्या टीमकडे!"

सरांनी स्वतःच्या छातीकडे, त्या लाल टी-शर्टकडे बघितलं, कुणाचा तरी घालून आल्यासारखं. मग ते वळले, आणि कुठे जायचं हे न कळल्यासारखे मैदानाच्या मधोमध थांबले. काकू धावत येऊन त्यांना घेऊन गेल्या. वा, मी मनात म्हटलं, नाटकाचा पुढचा अंकही तयार आहे.

रागाने आम्ही चांगले खेळलो. राजसने एक लांब बॉल फेकला, हुइलिंगने तो झेलला आणि आम्ही पुन्हा एका गुणाने पुढे गेलो. आता त्यांच्याकडे शेवटचा एक प्रयत्न उरला होता. त्यात त्यांनी रेषा ओलांडली तर ते जिंकणार, नाहीतर आम्ही. आम्ही जागा घेत होतो तेवढ्यात विजेचा भोंगा वाजला. इथे आभाळ जरा गुरगुरलं की मैदानावरचा भोंगा कोकलतो, दिवा लुकलुकायला लागतो, आणि फायनल असो की आणखी काही, सगळ्यांनी छपराखाली यायचं.

दोन्ही टीम एकाच छपराखाली बसल्या. सर खांबाला टेकून डोळे मिटून होते. काकू माझ्याजवळ येऊन बसल्या.

"तू त्यांना तसं बोलायला नको होतंस," त्या म्हणाल्या.

"आणि त्यांनी जे केलं ते?"

"त्यांनी काही केलं नाही गं." काकू पंच्याचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. "विसरतात ते. गेल्या दिवाळीच्या आधीपासून. यिशुनहून परत येताना दोनदा चुकले. एकदा तर भलत्याच स्टेशनवर बाकावर बसून होते, तिथल्या मुलीने मला फोन केला. डॉक्टरांनी तपासलं. औषधं चालू आहेत, पण त्याने फार काही होणार नाही म्हणतात. हे मैदान आमच्या गॅलरीतून दिसतं. खेळ सोडवत नव्हता त्यांना, म्हणून मी इथल्या टीमशी बोलले."

खरं सांगते, तेव्हाही माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की काकूंनाही डावात घेतलंय. मी त्यांचं तोंड निरखून पाहिलं. त्यांनी मांडीवरची सरांची टोपी उलटी करून दाखवली. आतल्या बाजूला पट्टी शिवली होती, तिच्यावर काकूंचा फोन नंबर, त्यांच्याच वळणदार अक्षरात. टाके बारीक होते. मॅचसाठी कुणी इतके बारीक टाके घालत नाही.

"आम्हाला का नाही सांगितलंत?"

"शपथ घातली होती त्यांनी. म्हणाले, वीणाला कळलं की माझं प्रत्येक वाक्य ती तपासून घेईल." काकू थोडं हसल्या. "डाव मात्र सगळे आठवतात गं. सकाळी काय खाल्लं ते नाही आठवत, पण डाव बसल्याबसल्या आखतात. कुणासाठी आखतोय, तेवढं निसटतं."

"डॅनियलला माहीत आहे?"

"त्याला वाटतं, कोच जरा विक्षिप्त आहेत."

मला तिथून उठून कुठेतरी जावंसं वाटलं. मघाचे माझे शब्द माझ्याच कानात वाजत होते. सबंध मैदानात एकच माणूस खरं बोलत होता आणि मी त्याचीच लाज काढली होती.

पाऊस आलाच नाही. भोंगा बंद झाला, दोन्ही टीम मैदानात उतरल्या, आणि सर उठून सरळ माझ्यामागे चालू लागले. काकू "अहो" म्हणाल्या. मी म्हटलं, "राहू द्या काकू, येऊ द्या." राजसने माझा हात धरला. "ताई, काय करतेस? यांना इथे कशाला?" मी म्हटलं, "नंतर सांगते." आमच्या बाजूला रेषेबाहेर एक खुर्ची होती. सर तिच्यावर बसले नाहीत, शेजारी उभे राहिले.

"ऐक, वीणा. आता ते..."

"सर, नको. सांगू नका."

"का?"

"मला ओळखू द्या."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागावले नव्हते. मघाशी मी काय बोलले ते त्यांच्या लक्षातही नव्हतं, आणि त्याचं मला हायसं वाटावं की रडू यावं, कळेना. "बरं," ते म्हणाले. "ओळख. मी बघतो."

त्यांनी सांगितलं असतं आणि मी ऐकलं असतं तर आम्ही जिंकलो असतो, यात मला शंका नव्हती. शंका नसणं हा माझ्यासाठी नवाच प्रकार होता. पण आपण कुठल्या बाकावर बसतो हे ज्यांना आठवत नाही, त्यांच्या खिशातून डाव काढून घेणं माझ्याच्याने होईना. आणि मला त्यांना दाखवायचंही होतं, की बघा, मी शिकलेय.

ते रचनेत उभे राहिले. तिघांची गर्दी उजवीकडे, मध्ये वाकलेला एकटा, त्याच्या मागे डॅनियल. मी गर्दीकडे दुर्लक्ष केलं. मधल्यावर राजसला लावलं. निळे बूट शोधले, ती गर्दीतून हळूच डॅनियलच्या शेजारी सरकत होती. तिच्यावर मी स्वतः. सगळे मोजून झाले, कुणी बाहेर जात नव्हतं. मग डॅनियल एकदम सरळ उभा राहिला. हात पसरून स्वतःच्या बाकाकडे वळला. "कोच? कोच, व्हिच वन?"

त्याचा बाक रिकामा होता. कोच माझ्यामागे होते.

आणि माझ्या पाठीमागून आवाज आला, कापरा, घाबराघुबरा. "अरे थांबा, थांबा! चुकलं, चुकलं!"

मघाशी हा आवाज आला असता तर मी हललेही नसते. पण आता मला टोपीतली पट्टी दिसत होती, स्टेशनवरचा बाक दिसत होता. गोंधळले, पडतील, एवढंच डोक्यात आलं. मी वळले. "काही नाही सर, काही नाही, तुम्ही बसा," म्हणत हात पुढे केला. मागे पावलं धडधडली. बॉल घेऊन निळे बूट माझ्या अंगावरून वारा घालत गेले आणि सगळं मैदान ओरडलं.

सर टाळ्या वाजवत होते. अक्षरशः उड्या मारत होते. "फसलीस! फसलीस की नाही? समोरच्या कोचकडे बघायचं नाही, किती वेळा सांगितलंय तुला!"

डोळे लखलखत होते त्यांचे. लबाड, पूर्वीसारखे. मी आधी दचकले आणि मग हसायला लागले. आम्ही फायनल हरलो होतो, सगळा सीझन मी मातीत घातला होता, आणि मी वेड्यासारखी हसत होते. सोंग होतं! सगळंच सोंग होतं! काकू, शपथ, टोपीची पट्टी, सगळं मला वळवण्यासाठी. सहा वर्षं संशय घ्यायला शिकवून त्यांनी तो एका दुपारी माझ्याकडून काढून घेतला, आणि नेमका तेवढ्याच क्षणापुरता. काय माणूस आहे! आमच्याशी लबाडी करायला म्हणून समोरच्या टीमकडे गेला असेल तर मी त्याला सगळं माफ केलं.

"यू मॅड, इज इट?" हुइलिंग माझ्यावर खेकसली. "वी लॉस्ट, लाह!"

"हो," मी म्हटलं, "हो, हरलो," आणि पुन्हा हसले.

पलीकडे चषकाची गडबड सुरू झाली. ते लोक "कोच! कोच!" म्हणून हाका मारत होते. सर गेले नाहीत. ते वाकून गवतावर पडलेल्या आमच्या पट्ट्या गोळा करत होते, एकेक झटकून आमच्या पिशवीत भरत होते. दर मॅचनंतर भरायचे तशा. मी बघत राहिले. माझं हसू अजून तोंडावर होतं, पण आता ते मला धरून ठेवावं लागत होतं.

शेवटी डॅनियलच धावत आला. त्याने सरांच्या गळ्यात पदक घातलं आणि त्यांना मिठी मारली. सरांनी त्याच्या पाठीवर थोपटलं, पदक उचलून नीट बघितलं आणि शिष्टाचाराने म्हणाले, "थँक यू, यंग मॅन. व्हिच टीम आर यू फ्रॉम?"

डॅनियल मोठ्याने हसला आणि परत गेला. त्याला वाटलं, कोच जरा विक्षिप्त आहेत.

"राजसला हाक मार," सर मला म्हणाले. पिशवी त्यांनी खांद्याला लावली होती. "उशीर झाला तर बसला गर्दी होते. यिशुनला पोचून चहा घेऊ."

लांब छपराखाली काकू उभ्या होत्या, घाई न करता. मी पिशवी सरांच्या खांद्यावरून काढून घेतली. मला निदान एकदा विचारायलाच हवं होतं.

"सर, एकदाच खरं सांगा. तुम्ही मला फसवलंत ना?"

त्यांनी खरोखर विचार केला. कपाळाला आठ्या घालून, मला बरोबर उत्तर द्यायचं म्हणून. मी मनातल्या मनात म्हणत होते, हो म्हणा, हो म्हणा.

"मी तुला कशाला फसवीन?" ते म्हणाले. "तू माझ्या टीमची ना?"

सीझनभर मला हेच ऐकायचं होतं. आता ते ऐकलं, आणि वाटलं, त्यांनी मला फसवलं असतं तर किती बरं झालं असतं.